सेकंड हँड कार घेतली आणि आठवड्यात बिघडली: दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा?

मागच्या वर्षी मी पुण्यात एका डीलरकडून 2016 ची हॅचबॅक घेतली, 3 लाख 10 हजारांना. नवव्या दिवशी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा लाल दिवा लागला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मेकॅनिक म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, 34 हजार लागतील. डीलरला फोन केला तर उत्तर काय? "भाऊ, गाडी तुम्ही बघून घेतली ना? आता आमचा काय संबंध?"

संबंध असतो. पण कधी, ते समजून घेऊया.

गाडी कोणाकडून घेतली?

सगळ्यात आधी हे बघा. डीलर किंवा गाड्या विकणारी कंपनी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 लागू होतो. शेजारच्या काकांकडून किंवा ॲपवरच्या जाहिरातीतून थेट मालकाकडून घेतली असेल, तर ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही, कारण गाड्या विकणं हा त्यांचा धंदा नाही. तिथे दुरुस्ती बहुतेक वेळा आपल्याच खिशातून होते. मालकाने दोष मुद्दाम लपवला असेल तर करार कायदा 1872 नुसार ती फसवणूक ठरते, पण मग दिवाणी कोर्ट आलं आणि ते लवकर संपत नाही.

"बघून घेतली ना?" याला किती अर्थ आहे?

थोडा आहे. माल विक्री कायदा 1930 सांगतो की धंदा करणाऱ्याने विकलेला माल वापरण्यालायक असला पाहिजे. पण तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याची तक्रार नंतर चालत नाही. म्हणजे गुळगुळीत टायर, फाटलेली सीट, चेपलेलं दार विसरा. इंजिन उघडल्याशिवाय न दिसणारा दोष वेगळा. माझ्या रेडिएटरमध्ये गळती तात्पुरती बंद करणाऱ्या केमिकलचा गाळ निघाला. म्हणजे आधी कोणाला तरी गळती माहीत होती!

पावतीवर "जशी आहे तशी" असं छापलेलं असतं. त्या ओळीला वजन आहे, नाही असं नाही. पण जाणूनबुजून लपवलेला दोष त्या ओळीने माफ होत नाही.

वॉरंटी मिळाली असेल तर बारीक अक्षरं वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी यांसारखे झिजणारे पार्ट बहुतेक वॉरंटीत नसतातच. आणि इन्शुरन्सवर विसंबू नका. तो अपघातासाठी असतो, झीज आणि यांत्रिक बिघाडाचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत.

पुरावा फोनमध्येच असतो

मला वाचवलं ते एका व्हॉट्सॲप मेसेजने. टोकन देण्याआधी मी विचारलं होतं, "इंजिनला काही काम?" उत्तर होतं, "काहीच नाही, गॅरंटी माझी." हेच फोनवर बोललो असतो तर हातात काही उरलं नसतं. म्हणून तोंडी बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाका: "तुम्ही म्हणालात की इंजिन ओके आहे, बरोबर ना?" जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, गाडी विकली की ती गायब होते. मूळ चॅट मात्र डिलीट करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर शंका घेता येते.

एक चूक मी करता करता राहिलो. मेकॅनिक लगेच इंजिन खोलायला निघाला होता. थांबवा! आधी डीलरला लेखी कळवा, गाडी बघायला दोन-तीन दिवस द्या, खोलताना व्हिडिओ काढा आणि मेकॅनिककडून दोष नेमका काय, किती जुना, हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या. दुरुस्ती उरकून नंतर बिल पाठवलं तर समोरचा सरळ म्हणतो, हे तुमच्याकडेच झालं असेल.

तक्रार कुठे?

डीलर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. ही सेवा समेट घडवायचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर मोबाईलवरूनही करता येते. गाडीसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत 2 वर्षांची. आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, त्यामुळे डीलर मुंबईचा आणि तुम्ही सांगलीचे असाल तरी मुंबईला हेलपाटे नकोत.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मेसेज, व्हिडिओ आणि मेकॅनिकचा कागद डीलरला पाठवला, तेव्हा त्याचा सूर बदलला. 34 पैकी 22 हजार त्याने दिले. उरलेले 12 आणि टोइंगचे पैसे मी भरले, कारण लाल दिवा लागल्यावरही मी गाडी पुढच्या सिग्नलपर्यंत दामटली होती.