गिऱ्हाईक नसलेले काका

आमच्या काकांचे बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत विजेच्या सामानाचे दुकान. १९९६ साली त्यांनी भाड्याने फिरवायला ट्रक घेतला. कोरा ट्रक पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढायचा. बँकेचा हप्ता मात्र नाकासमोर सरळ जायचा. कंपनी म्हणे, "चालवून चालवून बसेल." काका वकिलाकडे गेले.

ग्राहकांसाठी १९८६ साली कायदा झाला होता खरा, पण त्यात मेख होती. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच नव्हे! १९९३ च्या दुरुस्तीने पोटासाठी स्वतः राबणाऱ्याला तेवढे आत घेतले. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने तर ट्रकचेच उदाहरण दिले: स्वतः चालवणारा तो ग्राहक.

दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारे काका स्वतः गिऱ्हाईक नव्हते! ट्रक ड्रायव्हरच्या हाती, काका गल्ल्यावर.

काकू म्हणाल्या, "अहो, मग बसा की स्टिअरिंगवर!"