मिनामाता आजार आणि डॉक्टरांची भूमिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पर्यावरण दूषित झाले की त्याची पहिली नोंद बहुधा रुग्णाच्या शरीरात होते आणि ती प्रथम डॉक्टरांच्या वाचनात येते. वाचलेले त्यांनी कोणाला सांगावे, हा प्रश्न जपानमधील मिनामाता आजाराने तीव्रतेने उभा केला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

आजाराचा उगम

क्यूशू बेटावरील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन होत असे. पारा उत्प्रेरक म्हणून वापरला जाई आणि त्यापासून बनणारे मिथिल मर्क्युरी सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. मासे व शिंपल्यांत ते साठत गेले. मासळीवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांत हातापायांची बधिरता, तोल जाणे, दृष्टिक्षेत्र आकसणे, वाचा अस्पष्ट होणे अशी लक्षणे दिसू लागली. मांजरेही झटके येऊन मरत.

डॉक्टरांची भूमिका

एप्रिल १९५६ मध्ये अशी एक बालिका कारखान्याच्याच रुग्णालयात दाखल झाली. डॉ. हाजिमे होसोकावा यांच्या नेतृत्वाखालील या रुग्णालयाने १ मे रोजी आरोग्य कार्यालयास अज्ञात मज्जाविकाराची सूचना दिली. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे निर्देश केला. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न मांजरास दिले. ऑक्टोबरमध्ये ‘क्रमांक ४००’च्या मांजरात तीच लक्षणे प्रकटली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. डिसेंबरमध्ये रुग्णांना अल्प रक्कम देऊन, कारखाना दोषी ठरला तरी अधिक भरपाई मागणार नाही, असा करार करून घेतला. होसोकावा मौन राहिले. पाऱ्याचे हे उत्पादन १९६८ मध्येच थांबले. १९७० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली. २० मार्च १९७३ रोजी न्यायालयाने कंपनीस निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले.

डॉ. मासाझुमी हाराडा यांचा मार्ग वेगळा होता. नाळ गर्भाचे विषापासून रक्षण करते, असा तत्कालीन समज होता. हाराडा यांनी कोळीवस्तीत जाऊन मुलांना तपासले, मातांचे म्हणणे ऐकले. १९६२ मध्ये जन्मजात मिनामाता आजारास मान्यता मिळाली.

निष्कर्ष

होसोकावा यांनी कारण ओळखले होते. पण ते ज्ञान नोकरीच्या चौकटीत बंद राहिले. त्यांच्या मौनाची किंमत रुग्णांनी मोजली, साक्षीने न्यायाला बळ दिले. निदान हे डॉक्टरांचे अर्धेच कर्तव्य होय. कारणाविषयी वेळीच बोलणे हे उरलेले अर्धे. वैद्यकीय शिक्षणात या इतिहासास स्थान मिळणे म्हणूनच आवश्यक वाटते.