डॅशबोर्डवरील ‘अ‍ॅव्हरेज’ कितपत खरे? पडताळणीची सोपी पद्धत

कोल्हापूर : ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी पेट्रोल पंपाची पावती आणि वहीतील नोंदी पाहून दिले जात असे. आता बहुतेक मोटारींच्या डॅशबोर्डवरच प्रतिलिटर किलोमीटरचा आकडा झळकतो आणि वाहनधारक तोच प्रमाण मानतात. हा आकडा मोजलेला नसून संगणकाने हिशेबाने काढलेला अंदाज असतो, ही बाब मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. परिणामी टाकी अपेक्षेपेक्षा लवकर रिकामी झाली, की कधी पंपचालकावर मापात मारल्याचा संशय घेतला जातो, तर कधी गाडीत बिघड असल्याचे समजून विनाकारण दुरुस्तीवर खर्च होतो. याउलट खरोखरच मापात खोट किंवा गाडीत दोष असेल, तर तो या गोंधळात लपून राहण्याचीही शक्यता असते. त्यामुळे आपल्या गाडीतील आकडा किती खरा आहे, हे प्रत्येक वाहनधारकाने एकदा तपासून घेणे हिताचे आहे.

आकडा येतो कोठून?

गाडी किती किलोमीटर धावली आणि तेवढ्या अंतरात किती इंधन जळाले, या दोन गोष्टींवर इंधनक्षमता ठरते. अंतराची मोजणी चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरून होते. इंधन मोजण्यासाठी मात्र गाडीत सहसा स्वतंत्र मापक नसतो. मेकॅनिक ज्याला ‘ईसीयू’ म्हणतात, तो इंजिनाचा संगणक इंजेक्टर किती वेळा आणि किती काळ उघडला याची नोंद ठेवतो. इंजेक्टरमधून ठरावीक दाबाखाली ठरावीक वेळात किती इंधन बाहेर पडते, याचे कोष्टक कारखान्यातच संगणकात भरलेले असते. त्या आधारे जळालेल्या इंधनाचा अंदाज केला जातो. काही गाड्यांत इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या प्रमाणावरूनही हा हिशेब केला जातो.

प्रत्यक्षातील इंजेक्टर कोष्टकातील आदर्श इंजेक्टरपेक्षा किंचित वेगळा असतो. वापराने त्यात काजळी साचते, इंधनाचा दाब आणि तापमान बदलते, इंधनाची प्रतही बदलते. या सर्वांचा परिणाम आकड्यावर होतो. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत डॅशबोर्डवरील आकडा आणि मोजलेली इंधनक्षमता यांतील तफावत सरासरी २.३ टक्के आढळली, तर एका गाडीत ती सहा टक्क्यांहून अधिक होती. म्हणजेच आकडा निव्वळ खोटा नसतो, पण त्यावर डोळे झाकून विसंबताही येत नाही.

‘एआरएआय’चा आकडा वेगळा

गाडीच्या जाहिरातीत छापलेला आकडा आणि डॅशबोर्डवरील आकडा यांची गल्लत करू नये. जाहिरातीतील आकडा पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेच्या प्रयोगशाळेत निश्चित होतो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मोटार रस्त्यावर न चालवता रोलरवर चालवली जाते. ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरलेल्या क्रमानुसार सुमारे २० मिनिटांत साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापले जाते. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. बाहेर पडणाऱ्या धुरातील कार्बनचे प्रमाण मोजून जळालेल्या इंधनाचा हिशेब होतो. या चाचणीत दसरा चौकातील सिग्नल नसतो, पन्हाळ्याचा चढ नसतो आणि आतापर्यंतच्या पद्धतीत वातानुकूलन यंत्रणाही बंद ठेवली जात असे. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा उपयुक्त आहे. रस्त्यावर तोच मिळेल अशी अपेक्षा मात्र धरता येत नाही.

तरीही छापील आकडा आणि अनुभव यांत टोकाची तफावत असल्यास ग्राहकाला दाद मागता येते. केरळमधील त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये अशा एका प्रकरणात ग्राहकाला सुमारे तीन लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटरचा दावा होता, तर तज्ज्ञाच्या चाचणीत २० किलोमीटरही मिळाले नव्हते. तेथे निर्णायक ठरली ती प्रत्यक्ष केलेली मोजणी.

पडताळणीची पद्धत

घरच्या घरी करता येण्याजोगी आणि विश्वसनीय पद्धत म्हणजे ‘टँक टू टँक’. तिचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. सकाळी टाकी पूर्ण भरावी. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होताच थांबावे. ‘राउंड फिगर’साठी आणखी इंधन ओतू देऊ नये. त्याने मोजणी बिघडतेच, शिवाय टाकीतील वाफेसाठी ठेवलेली जागाही व्यापली जाते.

२. ट्रिप मीटर आणि सरासरी इंधनक्षमतेचा आकडा दोन्ही शून्यावर आणावेत. काही गाड्यांत इंधन भरताच सरासरी आपोआप शून्य होते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी किंवा इंधन भरण्याआधीच आकडा टिपून ठेवावा.

३. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. किमान ४०० ते ५०० किलोमीटर अंतर होऊ द्यावे. मध्येच पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकण्याची सवय या काळात टाळावी.

४. पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर आणि गाडी त्याच दिशेला उभी करून टाकी भरावी. पावतीवरील लिटरचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदवावा.

५. असे तीन वेळा करावे. शेवटी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे.

लांब अंतराचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. नोझल प्रत्येक वेळी नेमक्या एकाच पातळीवर बंद होत नाही. त्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला, असे धरले तर पाच लिटरच्या मोजणीत ती १० टक्क्यांची चूक ठरते. ३० लिटरमध्ये तीच चूक पावणेदोन टक्क्यांच्या आत येते, तर तीन टाक्यांच्या एकत्रित हिशेबात अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरते.

हिशेब असा करावा

समजा, एका मोटारीने पहिल्या टाकीत ४८६ किलोमीटर अंतर कापले आणि २९.४० लिटर पेट्रोल लागले. दुसऱ्या टाकीत ४५२ किलोमीटरला २८.१० लिटर, तर तिसऱ्या टाकीत ५१० किलोमीटरला ३०.२० लिटर लागले. एकूण अंतर १,४४८ किलोमीटर आणि एकूण इंधन ८७.७० लिटर झाले. भागाकार येतो १६.५. डॅशबोर्डवर या संपूर्ण प्रवासाची सरासरी १७.५ दिसत असेल, तर आकडा सुमारे सहा टक्क्यांनी फुगलेला आहे. यापुढे डॅशबोर्डवरील आकड्याला ०.९४ ने गुणले की वास्तव आकडा मिळेल.

वर्षाला १५ हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हा फरक ५० लिटरहून अधिक इंधनाचा होतो. लिटरला १०० रुपये धरले, तरी वार्षिक अंदाजपत्रक पाच हजारांहून अधिक रुपयांनी चुकते.

सरासरी काढताना एक चूक सर्रास होते. एका टाकीला २० आणि दुसरीला १० किलोमीटर पडले म्हणून सरासरी १५ धरली जाते. दोन्ही वेळा ३०० किलोमीटर अंतर झाले असेल, तर इंधन १५ आणि ३० असे ४५ लिटर लागले. ६०० भागिले ४५ म्हणजे खरी सरासरी १३.३ येते. म्हणून आकड्यांची नव्हे, तर किलोमीटर आणि लिटर यांची बेरीज करावी.

किलोमीटरही तपासा

वरील तुलनेत अंतराचा आकडा दोन्हीकडे एकच असल्याने इंधनमोजणीतील चूक तेवढी समोर येते. ओडोमीटरच जास्त अंतर दाखवत असेल, तर डॅशबोर्डवरील आणि वहीतील असे दोन्ही आकडे फुगतात. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक अधिक फेरे घेते आणि ओडोमीटर जास्त किलोमीटर नोंदवतो. नव्या आणि पूर्ण झिजलेल्या टायरमध्ये हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यास उलट परिणाम होतो.

याची तपासणी पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर करता येते. रस्त्याचे काम सुरू नसलेला आणि किलोमीटरचे दगड सलग असलेला टप्पा निवडावा. ५० दगडांच्या अंतरात ओडोमीटर ५१ किलोमीटर दाखवत असेल, तर तो दोन टक्क्यांनी पुढे आहे. वरील उदाहरणातील १६.५ चा आकडा मग १६.२ होतो. मोबाइलमधील जीपीएसनेही सरळ रस्त्यावर हे अंतर पडताळता येते. स्पीडोमीटरवरून मात्र अंदाज बांधू नये. तो प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू नये, या दंडकामुळे सहसा थोडा जास्तच दाखवतो.

गाडीच्या ओबीडी सॉकेटला जोडायची उपकरणे आणि त्यांची मोबाइल अ‍ॅप सध्या सहज मिळतात. मात्र ती गाडीच्याच संगणकातील माहिती वाचतात. त्यामुळे ती स्वतंत्र पडताळणी ठरत नाही.

पंपाचे माप

हिशेबातील लिटर पंपाच्या यंत्रावरून येत असल्याने त्याची खात्रीही आवश्यक आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि त्यानंतर ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातील काही पंपांवर यंत्रात चिप बसवून कमी इंधन दिले जात असल्याचे उघड झाले होते. वैधमापन शास्त्र विभाग पंपावरील यंत्रांची पडताळणी करून त्यांना मोहोर लावतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असून शंका आल्यास ग्राहक त्या मापाने इंधन मोजून दाखवण्याची मागणी करू शकतो. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक ग्राह्य धरला जातो. त्याहून अधिक घट आढळल्यास वैधमापन विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माप बरोबर निघाले, तर सहा टक्क्यांच्या तफावतीचे खापर पंपावर फोडण्यात अर्थ नाही.

इथेनॉल आणि घाट

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि आता २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधनक्षमता या मिश्रणामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटेल, तर त्यासाठीच जुळवून घेतलेल्या गाड्यांत ही घट एक ते दोन टक्के राहील, असा अंदाज दिला होता. इंजेक्टरच्या वेळेवरून हिशेब करणाऱ्या गाडीत ही घट डॅशबोर्डवरही दिसते. हवेवरून हिशेब करणाऱ्या गाडीत मात्र ती पूर्णपणे न दिसण्याची शक्यता असते. म्हणून काही वर्षांपूर्वी केलेली पडताळणी आता नव्याने करणे योग्य ठरेल.

‘किती किलोमीटर जाईल’ हा आकडाही अलीकडच्या सरासरीवर बेतलेला असतो. महामार्गावर संथ गतीने आलेली गाडी आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटवाटेला लागली, की चढावर तो झपाट्याने उतरतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी गिअरमध्ये असेल, तर इंजेक्टर बंद राहतात आणि तात्कालिक आकडा कमाल पातळीवर जातो. तो खरा असला, तरी त्यावरून पुढील प्रवासाचा अंदाज करू नये. रात्रीच्या घाटप्रवासाआधी टाकीच्या काट्यावर आणि आपल्या नोंदींवर भिस्त ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

निष्कर्ष कसा काढावा?

तफावत तीन टक्क्यांच्या आत असेल, तर आकडा विश्वसनीय समजावा. ती पाच-सहा टक्के असली, तरी दर महिन्याला सारखीच राहत असेल तर चिंतेचे कारण नाही. वरीलप्रमाणे गुणक वापरला की काम भागते. काही कंपन्यांच्या गाड्यांत अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील उपकरणाने हा आकडा दुरुस्तही करता येतो.

खरा इशारा मिळतो तो बदलातून. डॅशबोर्डवरील आणि वहीतील आकडे एकत्र घसरले, तर टायरमधील हवा, चिकटणारे ब्रेक, एअर फिल्टर, वाहतूक कोंडी किंवा इंधनाची प्रत यांकडे पाहावे. वहीतील आकडा घसरला आणि डॅशबोर्डवरील तसाच राहिला, तर इंजेक्टरपर्यंत न पोहोचलेले इंधन कोठे गेले, हे शोधावे लागते. पंपाचे माप आणि इंधननळीतील गळती या दोन शक्यता तेव्हा प्रथम तपासाव्यात. गळती हा आगीचा धोका असल्याने त्यात दिरंगाई नको. डॅशबोर्डवरील आकडा वहीतील आकड्यापेक्षा खाली गेला, तर इंजेक्टरमध्ये काजळी साचल्याची शक्यता असते. कारण कमी इंधन सोडणारा इंजेक्टर संगणक अधिक वेळ उघडा ठेवतो आणि तेवढे जास्त इंधन जळाल्याचे गृहीत धरतो.

युरोपीय संघात २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत इंधनखपत नोंदवणारी यंत्रणा सक्तीची असून तिच्या अचूकतेची मर्यादा पाच टक्के आहे. या नोंदींवर आधारित २०२४ मधील अहवालात २०२१ साली नोंदणी झालेल्या मोटारींची प्रत्यक्ष इंधनखपत प्रयोगशाळेतील आकड्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक आढळली. येथील वाहनधारकांना अशा यंत्रणेची वाट पाहण्याची गरज नाही. गाडीत ठेवलेली एक छोटी वही, पेन आणि पंपावरील पावत्या एवढ्या साधनांवर ही पडताळणी होऊ शकते.