सातशे एकोणतीस थर

क्लोद लोरें हा सतराव्या शतकातील नामांकित फ्रेंच निसर्गचित्रकार. चित्रकलेकडे वळण्यापूर्वी तो एका भटारखान्यात उमेदवारी करीत होता आणि लोण्याची वडी कणकेत गुंडाळून लाटता लाटता त्याच्या हातून पापुद्र्यांचा 'पफ' जन्मास आला, अशी एक आख्यायिका आहे. आम्हीही ती पुष्कळ दिवस खरी मानून चाललो होतो. गोष्ट खुसखुशीत खरी. पण सनावळीपुढे तिचा चुरा होतो.

लोरेंचा जन्म १६०० च्या सुमाराचा. स्पेनच्या तिसऱ्या फिलिप राजाचा मुदपाकी मार्तीनेझ मोतिन्यो याचा पाकग्रंथ माद्रिदला छापला गेला तो १६११ साली, आणि त्यात या पापुद्री पिठाची कृती आहे. म्हणजे ज्याला जनकत्व द्यायचे तो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा! पुढे १६५३ साली पॅरिसला निघालेल्या भटारविद्येच्या ग्रंथातही ही कृती आली. त्या पुस्तकावर तर कर्त्याचे नावच नव्हते. चित्रकाराचे नाव राहिले, पीठ मळणाऱ्यांचे गेले.

आणि ते काम सोपे नव्हे. कणकेत थंड लोणी घालून लाटायचे, तिहेरी घडी घालायची, विसावा द्यायचा, पुन्हा लाटायचे. असे सहा वेळा केले, की लोण्याचे ७२९ थर होतात. लोणी पाघळले तर सारा खेळ संपला. लोण्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असते; भट्टीत त्याची वाफ होऊन थर उचलले जातात. यीस्ट नाही, सोडा नाही.

भाजी घातलेला टार्ट त्याहून जुना. १३९३ च्या सुमारास पॅरिसच्या एका वृद्ध गृहस्थाने आपल्या पंधरा वर्षांच्या पत्नीसाठी गृहकृत्यांचे पुस्तक लिहिले. त्यात चार मुठी बीटवर्गी पाला, दोन मुठी पार्सली, दोन मुठी पालक, शिवाय चीज व अंडी असा टार्ट सांगितला आहे. पफचे नाव तेथे नाही. दोहोंची गाठ पडली तेव्हा भटाऱ्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. पालकाला पाणी फार सुटते आणि तळाचे पापुद्रे त्यात भिजून गोळा होतात. म्हणून भाजी आधी परतून, पिळून घ्यायची आणि तळाला काट्याने टोचे मारायचे. हे शहाणपण किती टार्ट फुकट गेल्यावर आले असेल, कोण जाणे!

पापुद्रा आपल्यालाही नवखा नाही. चिरोट्यात लोण्याऐवजी तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा असतो. कढविलेल्या तुपात पाणी नसते. म्हणून वाफेचा सारा भार पिठातल्या ओलाव्यावर आणि थर सुटे ठेवण्याचा भार साट्यावर. दिवाळीत आम्ही तो कितीदा तरी खाल्ला. पण पहिला चिरोटा कोणी लाटला, असे पंगतीत कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.