गोकूच्या नावातले 'शून्य' कुठून आले?

आपल्या वस्त्यांमधली पोरं मोबाईलवर 'ड्रॅगन बॉल' बघतात. त्यावर दोन मते ऐकू येतात. काही जुने कार्यकर्ते म्हणतात, हे परदेशी खूळ आहे, चळवळीशी याचा काय संबंध? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर सांगतो की गोकू म्हणजे आपला हनुमानच, जपान्यांनी उचललेला. मित्रांनो, दोन्ही दावे तपासून पाहू.

अकिरा तोरियामा यांनी ही चित्रमालिका १९८४ साली सुरू केली. लहानग्या गोकूची शेपूट, लांब होणारी काठी, उडता ढग हे सगळे एका जुन्या चिनी कादंबरीतून आलेले आहे. 'शी-यू-ची' हे तिचे नाव, म्हणजे 'पश्चिमेचा प्रवास'. तिची आज मिळणारी सर्वात जुनी छापील आवृत्ती १५९२ ची. आता ही पश्चिम कोणती? आपला भारत! एक चिनी भिक्खू बुद्धाचे ग्रंथ आणायला निघतो आणि एक बंडखोर माकड वाटेत त्याचे रक्षण करते. माकडाचे नाव सुन वुकोंग. तीच अक्षरे जपानीत वाचली की होते सोन गोकू. 'वु' म्हणजे बोध, 'कोंग' म्हणजे शून्य. शून्यतेचा बोध झालेला तो वुकोंग. ही शून्यता नागार्जुनाने मांडली, आणि नागार्जुन दक्षिणेतला.

मग हनुमानाचे काय? चीनमध्येच यावर वाद झाला. हू शि यांना माकडाचे मूळ भारतीय रामकथेत दिसले, तर लू शुन यांनी ते चिनी लोककथेतल्या जलराक्षसात शोधले. हा वाद मिटलेला नाही. पण समजा हू शि बरोबर आहेत. तरी कादंबरीत ते माकड कोणासाठी राबते? ग्रंथ आणणाऱ्या भिक्खूसाठी. त्याची घमेंड उतरते तीही बुद्धाच्या तळहातावर. व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरातून नेमका हाच भाग गाळलेला असतो. कादंबरीत ताओ पंथाचे देवही भरपूर आहेत, हेही सांगितले पाहिजे.

कादंबरीतला भिक्खू घाबरट आहे आणि बादशहाच्या आज्ञेने निघतो. खरा ह्युएनत्संग मात्र परवानगी नसताना, गुपचूप सीमा ओलांडून निघाला. नालंदेत शीलभद्रांकडे शिकला, देशभर फिरला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. पुढच्याच वर्षी त्याचे प्रवासवर्णन पूर्ण झाले.

आपल्या मराठवाड्यासाठी खरा ऐवज त्या प्रवासवर्णनात आहे. त्यात महाराष्ट्र आहे, हर्षाला न जुमानणारा पुलकेशी आहे, उपकाराला जागणारी आणि अपमान न विसरणारी इथली माणसे आहेत. शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू अशी नोंद आहे. देवांची मंदिरेही शंभराच्या आसपास होती, असे तो लिहितो. आपले वक्ते पहिला आकडा सांगतात आणि दुसरा सोडून देतात. तसे करू नये. दोन परंपरा शेजारी उभ्या होत्या म्हणूनच पुढे एक कशी नाहीशी झाली हा प्रश्न धारदार होतो.

डोंगरातल्या एका विहाराचे वर्णनही त्यात आहे: दाराशी दगडी हत्ती आणि तो बांधणारा अर्हत. बहुतेक अभ्यासक त्याला अजिंठा मानतात. अर्हताच्या चिनी नावातून अभ्यासकांनी 'अचल' हे नाव ओळखले, आणि अचल स्थविराचा उल्लेख अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिलालेखात सापडतो. १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला तेव्हा ही लेणी बाहेरच्या जगाच्या विस्मृतीत गेलेली होती. चीनमध्ये मात्र ह्युएनत्संगाचा ग्रंथ जपला गेला होता.

जालन्याहून अजिंठ्याकडे जाताना वाटेत भोकरदन लागते. ते प्राचीन भोगवर्धन. इथल्या दानकर्त्यांची नोंद सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहे. पोरांची सहल काढायची तर याच रस्त्याने काढा. अजिंठ्यात १६ व्या लेण्याच्या दाराशी ते दोन हत्ती अजून उभे आहेत, आणि गोकूची कथा सांगायला तिथे चांगली सावली आहे.