मशेरी, मटका, मोबाईल: हात आपोआप तिकडेच का जातो?

वसई-दिवा रेल्वेमार्गावर खारबाव हे भिवंडी तालुक्यातलं स्टेशन आहे. या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच, त्यामुळे एक हुकली की फलाटावर बराच वेळ काढावा लागतो. अशा वेळी कुणाचा हात तंबाखूच्या पुडीकडे जातो, कुणाचा मोबाईलकडे. पुष्कळदा तर हात आधी जातो आणि आपण काय करतोय हे नंतर लक्षात येतं. असं का होतं?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘मनावर ताबा नाही.’ मेंदूच्या अभ्यासातून मिळणारं उत्तर एवढं सोपं नाही, आणि सोशल मीडियावर फिरणारं ‘डोपामाईन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्यही अर्धवट आहे.

आवडणं वेगळं, हवं असणं वेगळं

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. डोपामाईन हा त्यातलाच एक निरोप्या. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी कॅनडात उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळायचा. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पुढे या भागांशी डोपामाईनचा संबंध जोडला गेला आणि बरीच वर्षं त्याला सुखाचं रसायन मानलं गेलं.

नंतर केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामाईन जवळजवळ संपवलं होतं, ते समोरच्या खाण्याकडेही जात नसत. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं, की चेहऱ्यावर गोडाची पसंती दिसायची. म्हणजे चव आवडत होती, मिळवायची ओढ मात्र गेली होती. डोपामाईनचं मोठं काम आहे ते या ओढीचं.

वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीला फळाचा रस मिळाला की डोपामाईनच्या पेशी जोरात काम करत. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे कळल्यावर त्या दिवा लागतानाच चेतू लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जाई. तलफेचा उलगडा इथे होतो. पुडीचा आवाज, चुन्याचा वास, मोबाईलचा टुणकन आवाज, हे सगळे असे दिवेच आहेत.

सकाळची मशेरी

२०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे त्यात थोडे. २४.४ टक्के लोक खाण्याची किंवा दाताला लावण्याची तंबाखू वापरत होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी अनेक घरांत बायका वापरतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत. ती ‘दात घासायची पूड’ असते.

मशेरीतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. तिथे ते डोपामाईनच्या पेशींना चेतवतं. रोजच्या वापराने मेंदू या निकोटीनला धरूनच आपला हिशोब मांडतो. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात ते खूपच उतरतं. सकाळी चिडचिड होते, डोकं जड वाटतं. मशेरी लावली की बरं वाटतं. ‘तरतरी आली’ असं वाटतं खरं, पण त्यातला मोठा भाग असतो तो रात्रभराच्या तुटवड्यातून सुटका झाल्याचा. पोट साफ होण्याची सवयही अशीच जडते, कारण निकोटीन आतड्यांनाही चाळवतं.

पोटात काही न जाताही

जुगारात कुठलाही पदार्थ शरीरात जात नाही. १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका आठवा. आकडा कधी लागेल हे सांगता येत नाही, आणि अनिश्चित बक्षिसाची ओढ ठरलेल्या पगाराच्या ओढीपेक्षा चिवट असते. एका आकड्याने हुकलं, तर माणूस उठून जाण्याऐवजी पुढचा डाव लावतो.

याचा पुरावा एका वेगळ्याच आजारातून मिळतो. पार्किन्सन्समध्ये डोपामाईन कमी पडतं, म्हणून काही रुग्णांना डोपामाईनसारखं काम करणारी औषधं देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात, ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांवरचा ताबा सुटलेला आढळला. घरात अशी औषधं घेणारं कुणी असेल आणि स्वभाव अचानक बदलला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं. औषध मनाने बंद मात्र करू नये.

मोबाईलबाबत जरा सांभाळून बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगार आणि गेमिंग यांचे विकार आहेत, सोशल मीडियाचा नाही. आणि ‘डोपामाईन डिटॉक्स’ हा शब्द तर फसवाच. हालचालीपासून शिकण्यापर्यंत सगळ्याला डोपामाईन लागतं, ते शरीरातून झाडून काढायची घाण नव्हे.

नाका तोच, मित्र तेच

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगर पसरली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला मदत केली. गर्दमुळे शरीराला होणारा त्रास बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतो. खरी कसोटी घरी परतल्यावर लागते, कारण नाका तोच, मित्र तेच. मेंदूला शिकवलेला प्रत्येक दिवा तिथे लागलेला असतो. शिवाय शरीराची सवय मोडलेली असल्याने पूर्वीचाच डोस आता जीवघेणा ठरू शकतो.

व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फारच थोडे पुन्हा व्यसनी झाले. परिसर बदलला होता. अनुवंश, ताण, संगत, माल किती सहज मिळतो, हे सगळं रसायनांइतकंच मोजावं लागतं.

दारूचं गणित आणखी निराळं, आणि घरच्यांनी ते जाणून घ्यायलाच हवं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या निरोपांना बळ देते आणि चेतवणाऱ्यांना दाबते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक कोंडून ठेवलं, तर तो दाब एकदम सुटतो. हात थरथरणं, झटके, भास, बरळणं असे प्रकार पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते. झटका आला तर थेट रुग्णालय गाठावं. व्यसनासाठी सरकारी मदतवाहिनी १४४४६ आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६.