टोपलीतले खेकडे आणि लाइकचे पैसे

फेसबुकवर लिहिता तुम्ही, लाइक करतात तुमचे मित्र आणि जाहिरातींचे पैसे जातात फेसबुककडे. हे पैसे लिहिणाऱ्याला आणि चांगलं लिखाण हुडकून काढणाऱ्या वाचकाला मिळाले तर? मार्च २०१६मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी 'स्टीम' नावाची ब्लॉकचेन सुरू केली, ती याच कल्पनेवर. तिच्यावर चालणारी वेबसाइट म्हणजे स्टीमिट. ४ जुलै २०१६ला लेखकांना पहिल्यांदा पैसे वाटले गेले आणि क्रिप्टोच्या जगात एकच गलका झाला.

मांडणी अशी होती. ब्लॉकचेन सतत नवी नाणी पाडते. त्यातला मोठा हिस्सा सामाईक गंगाजळीत जातो आणि मतांच्या प्रमाणात लेखांमध्ये वाटला जातो. 'एक माणूस, एक मत' इथे चालणार नव्हतं, कारण एकच माणूस हजार खाती उघडू शकतो. म्हणून मताचं वजन तुम्ही खात्यात किती नाणी अडकवून ठेवली आहेत त्यावर ठरवलं. ज्याचा पैसा अडकलाय तो सगळ्यांचं भलं बघेल, हा त्यामागचा हिशेब.

पण अशा माणसाने सगळी मतं स्वतःच्याच लेखाला दिली तर?

इथे स्टीमच्या श्वेतपत्रिकेत चक्क खेकडे येतात. आपल्याकडे टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट म्हणजे मराठी माणसाला मारलेला टोमणा: एक वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. श्वेतपत्रिकेत मात्र हीच खोड कामाची ठरते. कुणी फुकटात वर चढू लागला, तर बाकीच्यांनी विरोधी मत देऊन त्याला खाली ओढावं. शिवाय गणितही वर्गाचं ठेवलं. दहापट वजनाची मतं, तर शंभरपट पैसे. एकट्याने स्वतःला मत देऊन फारसं हाती लागू नये, अनेकांना आवडलेलं वर यावं, हा हेतू.

झालं भलतंच. ज्यांच्याकडे अफाट नाणी होती त्यांना तिथे 'व्हेल' म्हणत. वर्गाच्या गणिताने देवमासा आणखी फुगला आणि लहान खातेदाराचं मत जवळपास शून्यावर आलं. म्हणून जून २०१७मध्ये गणित सरळ केलं: दुप्पट मतं, दुप्पट पैसे. आता छोट्यांना आवाज मिळाला, पण मताला ठरावीक भावही आला. ज्याला भाव आहे ते विकता येतं. 'बिड बॉट' आले. बॉटला पैसे पाठवा, तो तुमच्या लेखाला मत देणार. लेख बरा की वाईट, हे पाहण्याचं त्याला कारणच नव्हतं. मोठे नाणेधारक आपलं मतवजन अशा बॉटना भाड्याने देऊ लागले. चांगले लेखकही बॉटकडे वळले, कारण बाकीचे वळले होते.

मग खेकडे कुठे गेले? प्रोग्रामर म्हणून मला या इतिहासात सगळ्यात रस आहे तो इथे. आवडीचं मत आणि विरोधी मत एकाच कोट्यातून खर्च व्हायचं. विरोधी मत दिलं की तुमची तेवढी कमाई बुडाली, वर एखादा देवमासा चिडून तुमच्या लेखांवर तुटून पडण्याची भीती. राखण सगळ्यांच्या फायद्याची, खर्च मात्र राखणदाराचा. ऑगस्ट २०१९मध्ये विरोधी मतांना वेगळा कोटा मिळाला, तेव्हा मतविक्रीचा धंदा बराच आटला. मधल्या दोन वर्षांत चांगलं वाचायला आलेले कितीतरी लोक निघून गेले होते.

फेब्रुवारी २०२०मध्ये ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासूनचा नाण्यांचा मोठा साठा होता आणि तो मतदानात वापरणार नाही असं तिने पूर्वी सांगितलेलं होतं. नेटवर्क चालवणाऱ्या निवडून आलेल्या 'विटनेस' मंडळींनी तो साठा गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजेसकडे ग्राहकांनी ठेवलेल्या नाण्यांच्या जोरावर मतदान झालं आणि आघाडीचे वीसही विटनेस बदलले. नियम एकही मोडला नव्हता. ज्याच्या हाती नाणी त्याचं मत, हाच तर नियम होता. लेखाची किंमत ठरवायला केलेल्या नियमाने मालक ठरवला.

बायनान्स आणि हुओबीने नंतर मतं मागे घेतली, पण विश्वास उडाला होता. २० मार्च २०२०ला लोकांनी सगळा कोड, जुने लेख आणि खाती उचलून 'हाइव्ह' नावाची वेगळी चेन सुरू केली. कंपनीचा साठा मागे ठेवला.

हाइव्ह आजही चालू आहे आणि तिथेही मताचं वजन नाण्यांवरच ठरतं. पण तिथे जायचा निर्णय त्या मतमोजणीत झाला नव्हता. त्या मोजणीत हे लोक हरले होते. कुणाचं लिखाण वाचण्याजोगं, कुणाच्या शब्दावर विसंबावं, हे त्यांना चार वर्षं एकमेकांना वाचून कळलेलं होतं, आणि ते त्यांच्यासोबत आलं.